मोजलेलं पाणी

पीएचडी करणाऱ्या माणसांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं झाली, मिरजेत टायपिंगचं दुकान चालवतेय. आधी खटखट मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. एवढ्या वर्षांत किती प्रबंध माझ्या बोटांखालून गेले त्याची गणती नाही. कुणी पेनड्राइव्ह टेबलावर टाकतो आणि वर म्हणतो, "ताई, शुद्धलेखन-बिद्धलेखन तुम्हीच बघा." एकानं तर कमालच केली. "निष्कर्ष तेवढे तुम्हीच लिहा की, तुम्हाला एव्हाना सवय झाली असेल," म्हणाला. तो महाभाग आज एका कॉलेजात विभागप्रमुख आहे, आणि रस्त्यात दिसला की मान फिरवून जातो.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. चांगली होती बिचारी, नीट बोलत होती. कागदावर विषय लिहून आणला होता: दुष्काळी तालुक्यांतली विहिरींवरची शेती आणि पाण्याचं अर्थशास्त्र. मी तो कागद वाचला आणि तिला म्हटलं, "हे काम मी घेत नाही. पुढच्या गल्लीत विचार." ती बावरून निघून गेली. तेव्हापासून इलियास सर काही डोक्यातून जात नाहीत.

इलियास सर तंबोरे करणाऱ्यांच्या घरातले. थोरला भाऊ अजून भोपळे कोरत बसतो. घरात हे एकटेच शिकले, अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि कॉलेजात लागले. लागले म्हणजे काय, तासावर. जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, सुट्टी लागली की घरी बसा, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करा. अशी पंधरा वर्षं गेली. वर अकरावीचे तासही त्यांच्याच गळ्यात मारलेले, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी कॉलेजात एक पक्की जागा निघणार असं ठरलं, आणि त्या जागेला पीएचडी हवी होती. म्हणून चाळिशी उलटल्यावर सरांनी विद्यापीठात नाव नोंदवलं, विषय तोच, त्या मुलीच्या कागदावरचा. मामला अगदी साधा होता. डिग्री झाली तर नोकरी, नाहीतर पन्नाशीला आलेला तासावरचा मास्तर आणि लग्नाला आलेल्या दोन मुली.

अंगानं किडकिडीत, पँट घोट्याच्या वर, आणि बोटं ही लांबच लांब. दुकानात आले की बसायच्या आधी टेबल वाजवून बघायचे. बोटाच्या पेरानं टकटक. मग खुर्ची, मग भिंत. घरची सवय होती ती. भोपळा वाजवून आतून कसा निघेल ते ओळखायचं. एकदा माझ्या मागची फळी वाजवली आणि म्हणाले, "ताई, हिला आतनं वाळवी लागलीय." मी म्हटलं, "सर, सकाळच्या पारी अपशकुनी बोलू नका." महिन्याभरानं फळी खाली आली, तिच्यावरच्या तीन प्रबंधांसकट. त्यावर ते हसले नाहीत की मी सांगितलं होतं असंही म्हणाले नाहीत. खाली बसून पानं गोळा करायला लागले.

त्यांचं एक पालुपद होतं. तुम्ही काहीही सांगा, पेट्रोल महागलं म्हणा, अमक्याची सून पळाली म्हणा, सर शांतपणे विचारायचे, "हे ऐकीव का मोजीव?" मोजीव हा शब्द त्यांनीच काढलेला. मला भयंकर राग यायचा. एकदा मी म्हटलं, "सर, माझं डोकं दुखतंय, हे ऐकीव नाही आणि मोजीवही नाही, काय करता?" तर खिशातून गोळी काढून दिली. गोळीवरची मुदत मात्र आधी वाचून घेतली.

काम करायचे ते असं. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं कोरेगावला जायचं, तिथून एसटीनं माण, खटाव. एखादा रविवार आटपाडीकडं. पाठीवर एक पोतडी. तिच्यात फुटाफुटावर गाठ मारलेला दोर, दोराच्या टोकाला लोखंडी वजन, आणि एक वही. विहिरीच्या काठावर चपला काढायचे. दोर सोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. वजन पाण्याला कधी लागलं, तळाला कधी लागलं, ते हाताला आणि कानाला एकदमच कळायचं त्यांना. अशा सव्वाशे विहिरी, दर चैत्रात आणि दर दिवाळीत, सहा वर्षं. सांगणाऱ्याला दम लागेल, पण करणाऱ्याला लागला नाही.

ही मोजामोजी का करावी लागली, त्याची एक गंमत आहे. पहिल्या वर्षी सर इतरांसारखेच छापील फॉर्म घेऊन हिंडले होते. विहीर किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, उन्हाळ्यात पाणी किती राहतं, असे प्रश्न. लोकांनी उत्तरं दिली, सरांनी भरून आणली, मी टाइप केली, तक्ते झाले. गाईड खूश. मग माणमधल्या एका वाडीवर हौसाक्का भेटली. नवरा गेलेला, मुलगा मिलिटरीत, घरात सून आणि नात. नवरा-बायकोनं मिळून चार उन्हाळे खपून स्वतःच्या हातानं विहीर काढलेली. सरांनी तिला आपले तक्ते वाचून दाखवले, की तुमच्या वाडीत बाई चैत्रात कुणाच्याच विहिरीत फूटभर पाणी नसतं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आवं सर, तुमी शिकल्यालं हाय का येडं हाय? पानी किती हाय ह्ये कोन सांगतं व्हय? घरच्या जावयाला सांगत न्हाईत. दिष्ट लागती. आन दिष्ट लागली न्हाई तर बांधाच्या शेजाऱ्याची बोअरची मशीन लागती."

तिकडची रीतच तशी आहे. पाणी असलं तरी 'तळाला गेलंय' म्हणायचं. हे प्रत्येकाला माहीत, फक्त मिरजेच्या सरांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, ते सगळे तक्ते पुसा." मी म्हटलं, "अहो, तीन आठवडे घालवलेत मी त्यात!" तर म्हणाले, "ते ऐकीव हाय. पुसा." पुसले. अख्खं वर्ष पाण्यात गेलं. गाईडनं तर म्हणे, 'तुम्हाला डिग्री हवी आहे की मोक्ष' असं विचारलं.

मग सर हौसाक्काकडे परत गेले. म्हणाले, अक्का, मी कुणाला विचारणार नाही, स्वतः मोजीन. वहीत नाव लिहिणार नाही, नुसता नंबर लिहीन. कुठल्या नंबरची विहीर कुणाची, ते माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. हौसाक्का उठली आणि त्यांना आपल्या विहिरीवर घेऊन गेली. चैत्राच्या शेवटी तिच्या विहिरीत अडीच परस पाणी होतं. आजूबाजूला कुणाकडे एवढं नव्हतं. निम्मी वाडी उन्हाळ्यात तिच्याकडेच प्यायला पाणी भरायची, पण किती आहे ते कुणी डोकावून बघायचं नाही, असा शिरस्ता. त्या दिवसापासून हौसाक्काच सरांना घरोघर घेऊन हिंडली. "मोजू द्या ह्यास्नी. बोलनार न्हाईत. म्या जामीन," असं सांगत. तिच्या शब्दावर त्या वाडीतल्या सोळा विहिरी उघड्या झाल्या.

तिकडं कुणी पाणी पुढं केलं की सर म्हणायचे, "रोजा हाय." उगाच त्यांचा तांब्याभर खर्च नको. बरं, हे चैत्रातही आणि दिवाळीतही. एकदा हौसाक्कानं तांब्या पुढं धरला आणि म्हणाली, "सर, आमच्या गावातबी मुसलमान हायेत. तुमचा रोजा बारमाही आस्तो व्हय?" सर असले लाजले! मुकाट्यानं पाणी प्यायले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली मला, आणि सांगतानाही लाजले.

सरकारी आकडे का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, एका कचेरीतून एका निरीक्षण विहिरीचे दहा वर्षांचे आकडे मिळाले. छान, सुबक, चढते-उतरते आकडे. सर ती विहीर बघायला गेले. विहीर केव्हाच ढासळून बुजलेली, वर बाभळ उगवलेली, आणि बाभळीला शेळी बांधलेली. परत येऊन कारकुनाला सांगितलं, "साहेब, ती विहीर मेलीय." कारकून म्हणाला, "असंल. पर कागदावर चालू हाय, आता मधनंच कशी बंद करायची?" मी पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, विहिरीचंही आणि कारकुनाचंही.

आता कुणी म्हणेल, मी सरांना देव करून ठेवतेय. तसं काही नव्हतं. हट्टी होते, एका आकड्यासाठी चाळीस पानं पुन्हा छापायला लावायचे, आणि डिग्रीचा मोहही भरपूर होता. एकदा मला म्हणाले, "ताई, जरा मोठ्या अक्षरात एक नाव टाइप करता?" मी विचारलं, काय? तर खाली बघत म्हणाले, "डॉ. इलियास." केलं टाइप. स्क्रीनवर बघत राहिले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "पुसा आता." पंचेचाळीस वर्षांचा माणूस!

पुढचं सांगायचं म्हणजे मला माझंच तोंड फोडून घ्यायचंय.

सातव्या वर्षी, नोंदणीची मुदत संपायला आलेली असताना, गाईडनं सांगितलं की मोजणी खरोखर केलीत याचा पुरावा पाहिजे; नंबर आणि नावं यांची यादी एकदाच दाखवा, मी बघून परत देतो. सरांनी दोन दिवस विचार केला आणि वही घेऊन माझ्याकडे आले. दार लोटून घेतलं. स्वतः शेजारी बसून एकेक नाव सांगितलं, मी टाइप केलं. वर सरांचं नाव आणि प्रबंधाचा विषय, खाली गाव, नाव, विहिरीची खोली, चैत्रातलं पाणी. छापायला घातलं तर वाडीचं पान फिकट आलं. टोनर संपत आला होता. मी टोनरचं डबडं हलवून पुन्हा छापलं, ते चांगलं आलं. सरांनी फाइल पुसायला लावली, पुसली. जाताना दारातून म्हणाले, "ताई, ते खराब पान?" मी म्हटलं, "फाडते की. जा तुम्ही, तुमची गाडी चुकेल." तेवढ्यात फोन वाजला. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक होतं, हुज्जत घालणारं.

आमच्या धंद्यात खराब पान कुणी फाडत नाही. पाठकोरं पान ट्रेमध्ये जातं, त्याच्या मागच्या बाजूला कच्ची प्रत काढायची. सव्वीस वर्षांचा हात आहे हा. फोनवर बोलता बोलता त्यानं ते पान उचललं आणि ट्रेमध्ये ठेवलं. मला कळलंसुद्धा नाही.

दहा-बारा दिवसांनी बोअरच्या गाड्यांचा एक एजंट हँडबिल करायला आला. 'खात्रीशीर पाणी, अल्प दर' वगैरे. मी कच्ची प्रत काढून दिली, चुका पेन्सिलीनं दाखवल्या आणि तो कागद घेऊन गेला.

थंडीत सर एकदा हिंडून आले तेव्हा म्हणाले, हौसाक्काच्या बांधाला लागून शेजाऱ्यानं बोअर मारलाय. मग दुसरा. मग पलीकडच्यानं तिसरा. सगळे शंभर पावलांच्या आत, आणि सगळ्यांना पाणी लागलेलं. "एवढं बरोबर कसं कळलं त्यांना?" असं सर म्हणत होते, आणि मी मान हलवत होते. शपथ घेऊन सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शिमग्यानंतर एका सकाळी ते आले ते टेबल न वाजवताच बसले. खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं उलगडला. मळका, मधोमध फाटत आलेला. एका बाजूला हँडबिल, त्याच्यावर माझ्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा. दुसऱ्या बाजूला फिकट अक्षरात वाडीची सोळा नावं. सगळ्यात जास्त पाण्याचं नाव होतं तिथं कुणीतरी निळ्या पेनानं गोल केला होता.

"शेजाऱ्याकडं होता," सर म्हणाले. "एजंटनं दिला त्येला. सरांच्या पीएचडीत हाय, खोटं नसनार, असं सांगून."

मी म्हटलं, "सर, मी केलं हे. मी फाडला नाही." त्यांनी मान हलवली. मी रडायला लागले, स्वतःला नाही नाही ते बोलले, म्हटलं, मी येऊन सांगते वाडीत, माझी चूक आहे, तुमची नाही. सर म्हणाले, "तुमी त्यांना शब्द दिलावता का ताई? न्हाई नव्हं? मी दिलावता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी त्या एजंटच्या पत्र्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला. तो चहा पीत होता. म्हणाला, "ताई, कागद तुमीच दिला की. मी काय चोरला व्हय?" परत आले.

रविवारी मी सरांबरोबर वाडीवर गेलेच. नको म्हणत होते, पण ऐकलं नाही. हौसाक्का ओसरीवर तूर निवडत होती. बसा म्हणाली. पाणी विचारलं नाही, कारण विचारायला नव्हतं; विहीर आता खरोखरच तळाला गेली होती. कोपऱ्यात रिकाम्या घागरी पालथ्या घातलेल्या. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद कुणाच्या हातून गेला ते सोडून सगळं. मग मीच पुढं होऊन म्हटलं, "माझ्या दुकानातून गेला तो, अक्का." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा सरांकडे वळली. माझ्याशी तिचं काही देणंघेणंच नव्हतं.

"राग न्हाई म्हनाय येत न्हाई मला, सर," ती म्हणाली. "राग हाय. लय हाय. माज्या जामिनावर ह्या पंधरा घरांनी तुमास्नी दोर सोडू दिला. आता पान्याला निगाले की बाया माज्या दारावरनं मान खाली घालून जात्यात. शिव्या दिल्या आस्त्या तर चाललं आस्तं." तुरीतले खडे ती बाजूला काढत होती, हात थांबले नव्हते. "मालक गेलं तवा येवडं रडले न्हाई म्या. त्ये मानूस हुतं, जायाचंच हुतं कवातरी. हीर कुटं जाती, असं वाटायचं."

सर म्हणाले, "अक्का, तुमची वाडी मी पुस्तकातनं काडून टाकतो. सगळी."

"काडून पानी येतंय व्हय?"

"न्हाई."

मग तिनं विचारलं, "आन ह्ये जे झालं, आमचं वाटोळं, ह्येबी लिवनार का?"

सर म्हणाले, "न्हाई अक्का. ह्ये लिवनार न्हाई."

बाकीच्या पंधरा घरी सर एकटे गेले. दोन घरांत दार उघडलं नाही. मी पाराच्या कट्ट्यावर बसून होते. चार वाजता टँकर आला आणि बाया धावल्या. त्यांच्यात हौसाक्काची सूनही होती, पोरीला काखेत मारून. परतीच्या एसटीत सर मिरज येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गाईडला त्यांनी सगळं सांगितलं. गाईड मोठा माणूस, चार पुस्तकं नावावर असलेला. त्यांचं म्हणणं सरांनीच मला येऊन सांगितलं. वाडी काढली तर प्रबंधात राहतं काय, मधलं प्रकरण कोसळतं, परीक्षक परत पाठवतील. आणि काढायची कशाला? "अहो, हा तर कळस झाला तुमच्या कामाचा! पाणी लपवून ठेवलं तोवर टिकलं, आकडा बाहेर पडला आणि एका हिवाळ्यात तीन बोअर. असा पुरावा कुणाला मिळत नाही. नंबर घाला, नाव घालू नका. कुणाचं काय बिघडतं? जे बिघडायचं ते बिघडलंच आहे." मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. पक्क्या जागेची जाहिरात निघाली होती.

पंधरा दिवसांनी सर आले आणि हातानं लिहिलेली बावीस पानं टेबलावर ठेवली. मी टाइप करायला घेतलं. सातशे-आठशे प्रबंध टाइप केले असतील मी, पण असं कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं. सगळं होतं त्यात. पाणी न सांगण्याची रीत, ती कशासाठी होती, आणि मोजणारा माणूस आल्यावर ती कशी मोडली. 'या हानीला संशोधक स्वतः जबाबदार आहे,' असं सरळ वाक्य होतं. माझं दुकान कुठंही नव्हतं. टाइप करताना डोळे पुसायला मी दोनदा उठले. आणि मी गप्प बसले. सर, तुम्ही तिला नाही म्हणाला होतात, हे मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खरं सांगू? मला हा प्रबंध व्हायला हवा होता. सर डॉक्टर झाले, नोकरीत पक्के झाले, तर माझ्या हातून झालेल्या गोष्टीचं निदान काहीतरी बरं झालं, असं मला म्हणता आलं असतं. सरांपेक्षा मला माझी सुटका हवी होती.

पाच प्रती बांधल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. गाईडची सही झाली, कॉलेजचा शिक्का झाला. उरली होती ती एकच सही, पहिल्याच पानावर, 'हे संशोधन माझे स्वतःचे आहे' याच्या खाली. शेवटच्या दिवशी पाचच्या आत विद्यापीठात प्रती जमा करायच्या होत्या. गाडीनं तास-सव्वा तासाची वाट. सर म्हणाले होते, बाराला येतो.

बारा वाजले, एक वाजला. फोन लागेना. दोनला मी शेजारच्या मेडिकलवाल्याची गाडी मागितली, प्रती पिशवीत घातल्या आणि तडक कॉलेजवर गेले. वाटेत मनातल्या मनात सरांना शिव्या घालत होते, की माणसानं वेंधळं असावं पण किती.

नंतर काय झालं ते इथंच सांगून टाकते. पक्क्या जागेवर दुसरा माणूस आला. जूनमध्ये सरांचे तास बंद झाले. बायकोचं माहेर लोणंदचं, तिकडं एका क्लासमध्ये शिकवायला लागले असं कानावर आलं. हौसाक्काची सून आणि नात मुलाबरोबर छावणीच्या गावी गेल्या, ती एकटीच मागं राहिली. मी तिकडं पुन्हा गेले नाही, तोंडच नव्हतं. सरांनाही पुन्हा भेटले नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशीच, अकरावीच्या वर्गाच्या खिडकीतून.

पावणेतीन वाजले होते. सर फळ्यापाशी उभे होते, पोरं पुस्तकं उघडून बसलेली. मी खिडकीतून पिशवी वर करून दाखवली. त्यांनी मला बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "हं, पुढं वाच." मला वाटलं, तास संपला की येतील. तास संपला, घंटा झाली, पुढच्या तासाचे सर व्हरांड्यातून येताना दिसले. इलियास सर दारापर्यंत आले आणि त्यांना म्हणाले, "आज तुमचा तास मी घेतो. तुमी चहा घ्या." माझ्यापासून चार हातांवर उभे होते. दार ओढून घेतलं आणि आत गेले.

तेव्हा मला कळलं, सर सही करायला येणारच नव्हते. पिशवीचे बंद हातात रुतत होते, पण पिशवी खाली ठेवायचं सुचलं नाही.

आत मुलगी पुस्तकातलं वाचत होती. वस्तूंचे प्रकार चालले होते. "विनामूल्य वस्तू. ज्या वस्तू निसर्गात मुबलक असतात व ज्यांना किंमत द्यावी लागत नाही. उदाहरणार्थ, हवा, पाणी, सूर्यप्रकाश."

"पुन्हा वाच," सर म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एकानं विचारलं, "सर, परीक्षेला हाय का ह्ये?"

"हाय," सर म्हणाले. "त्यातलं पाणी खोडा."

"पेन्सिलीनं का पेननं सर?"

"पेननं."

साठ पोरांनी माना खाली घातल्या. सर बाकांमधून हिंडत होते, प्रत्येकाच्या पुस्तकात वाकून बघत होते, खोडलंय की नाही. शेवटच्या बाकावर एका मुलाकडे पेन नव्हतं, तर त्याला स्वतःचं दिलं आणि तो खोडेपर्यंत शेजारी उभे राहिले. तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आत्ता निघालो असतो तरी पोचलो असतो.